पदराचं भान

भिकुबाई घराबाहेर पडताना चुलीतल्या राखेवर बोटाने एक रेघ ओढून ठेवी. परत आल्यावर आधी ती रेघ बघे, मग पाणी पिई. ज्वारीच्या कणगीत वरच्या दाण्यांवर ती हाताचा पंजा उमटवून ठेवी. तुपाच्या बुधलीच्या फडक्याला गाठ मारी आणि गाठीचं टोक कुठल्या बाजूला आहे हे ध्यानात ठेवी. घरात चोर कधी आला नव्हता. पण तो आला नाही, याची खात्री तिला रोज करून घ्यावी लागे.

हा स्वभाव तिने माहेराहून आणला नव्हता. नवरा गेला तेव्हा हिलाल रांगत होता. त्या साली पेरणीला गेल्यावर तिला शेताचा बांध जरा आत आल्यासारखा वाटला. पलीकडचं शेत चुलत दीर जीवराम आबाचं, आणि भावकीत शब्द चालायचा तोही आबाचाच. ती बोलली नाही. आपल्या बाजूच्या बाभळीच्या खोडावर तिने विळ्याने एक खाच करून ठेवली. पुढच्या पेरणीला खाच बांधाच्या पलीकडे गेलेली होती. बाभूळ काही चालत गेली नसेल, एवढं तिला कळत होतं. पण मोकळ्या कपाळाच्या बाईचं ऐकून कोण घेणार?

त्याच श्रावणात घरात कानबाई बसली. नारळाला मुखवटा चढवून, नथ घालून, देवीला पाटावर बसवलं होतं. रोटांचा खमंग वास घरभर होता. सवाष्णी पुढे, भिकुबाई मागे भिंतीशी. ढोल वाजू लागला, बायकांचा आवाज चढला, आणि तिच्या पायांतून काहीतरी वर येत गेलं. ती घुमू लागली. केस सुटले. भरल्या घरात तिच्या तोंडून शब्द बाहेर पडले, "बांध सरकेल शे!"

जीवराम आबाने हात जोडले. पोळ्याच्या आत बांध होता तिथे परत गेला.

तेव्हापासून दर श्रावणात कानबाई भिकुबाईच्या अंगात येऊ लागली. वर्षभर भिंतीशी बसणाऱ्या बाईला त्या दोन दिवसांत सगळे विचारायचे, तिच्या पायावर पाणी घालायचे. खरंच देवी येते की आपणच तिला बोलावतो, हा प्रश्न दुसऱ्या कुणाच्या अंगात देवी आली असती तर तिने विचारल्याशिवाय सोडला नसता. स्वतःला मात्र तिने तो कधी विचारला नाही.

अशा घरात धुरपदा सून म्हणून आली. माहेर पहूरचं, जामनेरकडचं. बोलणं वेगळं, भाकरी थापायची रीत वेगळी, आणि सोयरीक ठरवताना तिचा बाप सुकदेव जरा जास्तच लवून बोलला होता. मुलगी देणारे लवतातच. पण भिकुबाईला ते लवणं लक्षात राहिलं.

एका सकाळी दोघी जात्यावर बसल्या होत्या. जातं भिकुबाईला एकाएकी जड लागलं.

"काबरं वं, हात काबरं थांबना?"

हात का थांबला, याचं उत्तर आलं नाही. धुरपदाचा हात खुंट्यावरून सुटला होता. डोळे उघडे, पण दाराच्या चौकटीवर लागलेले. ओठ उघडत-मिटत होते, काही चघळत असल्यासारखे. दुसऱ्या हाताची बोटं पदराचं टोक चिमटीत धरत होती, ओढत होती, सोडून पुन्हा धरत होती. बोंडातून कापूस वेचावा तशी. भिकुबाईने नाव घेऊन हाक मारली, दंडाला हलवलं. मग हळूहळू त्या डोळ्यांत माणूस परत आलं.

"हात? दळूनच तं ऱ्हायली मी," धुरपदा म्हणाली.

भिकुबाईने तिच्याकडे टक लावून पाहिलं. पोर तोंडावर खोटं बोलत होती, आणि खोटं बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे काही असतं त्यातलं या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. याचीच तिला जास्त धास्ती वाटली.

मग ते पुन्हा पुन्हा दिसू लागलं. विहिरीवर दोर हातात धरून, अंगणात झाडू धरून. जाऊ कमलबाई हसून म्हणाली, "भिकुबाई, तुनी वहु उभी उभी झोपस का वं?"

"झोपत नही ती," भिकुबाई म्हणाली. "तोंडमा काहीतरी म्हनस."

कसला मंत्र म्हणत असेल? त्या भागात अशा बाईसाठी एक शब्द होता आणि तो शब्द एकदा घराला चिकटला की पिढ्या जात. भिकुबाईने तो मनातसुद्धा पुरा उच्चारला नाही. पण रात्री हिलालच्या उशाखाली तिने लोखंडी खिळा ठेवला. एकदा भाकरी उलटताना धुरपदाचा हात तापल्या तव्यावर टेकला आणि तिथेच राहिला. कातडीचा वास आला तेव्हा भिकुबाईने तो हात ओढून काढला. सोंग करणारी इतकं सोसेल का, असं तिला क्षणभर वाटून गेलं. मग तिनेच स्वतःला उत्तर दिलं, पक्की असेल तर सोसेल.

लग्नाला तिसरं वर्ष लागलं. पाळणा हलला नव्हता. त्या आषाढात भिकुबाईला मिरच्यांचं गाडगं रोज बोटभर सरकलेलं दिसू लागलं. तिने गाडग्याभोवती राख भुरभुरली. दुसऱ्या दिवशी राखेत बोटं उमटलेली होती. घरात कुणी नाही असं पाहून तिने गाडगं उचललं. मागे भिंतीच्या कोनाड्यात चिंधीची पुरचुंडी होती, आणि पुरचुंडीत लहान लहान पांढऱ्या गोळ्या.

भिकुबाई मटकन खाली बसली. आता सगळं जुळत होतं. बापाचं लवणं. दर दोन-तीन महिन्यांनी "सहज आलो" म्हणत त्याचं येणं. रिकामा पाळणा. पोर होऊ नये म्हणून ही गोळ्या खाते. आणि पोर नकोय, म्हणजे इथे नांदायचंच नाही. तिने पुरचुंडी आपल्या पानसुपारीच्या चंचीत टाकली आणि चंची कमरेला खोचली.

संध्याकाळी धुरपदाने गाडगं सरकवल्याचा आवाज तिला ऐकू आला. धुरपदा बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पिठासारखा झाला होता. सासू अंगणात सुपारी कातरत बसली होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. विचारायचं तर गोळ्या कबूल कराव्या लागणार, म्हणून सून विचारीना. सांगायचं तर वेळेआधी डाव उघडा पडणार, म्हणून सासू सांगेना.

वेळ तिने ठरवली होती. कानबाई चार-सहा दिवसांवर आली होती. सोमवारी देवी नदीवर निघते तेव्हा सगळी भावकी हजर असते, धुरपदाचा बापही यायचा होता. ढोल चढेल, अंग भरून येईल, आणि मग कानबाईच सांगेल, 'ह्या घरमा खोट शे.' चंची सोडून गोळ्या सगळ्यांपुढे ओतायच्या. सूनबाई बापाबरोबर परत जाईल आणि हिलालला दुसरी करता येईल. देवीच्या शब्दावर कोण बोलणार?

त्या दिवसांत धुरपदाचं ते थांबणं वाढलं. सकाळी हातातला तांब्या एकदम उडे, जणू कुणी कोपराला धक्का दिला. भिकुबाई बघत राहिली. चोर सापडला की असाच कावराबावरा होतो, असं तिला वाटलं. हिलालशी सून एकदा काही बोलू पाहत होती. पण रोटांचे गहू निवडायला घर बायकांनी भरलेलं होतं.

सोमवारी सकाळी पाऊस थांबलेला होता. कानबाईचा पाट डोक्यावर घेऊन बायका निघाल्या. पुढे ढोल, मागे गाणी. भिकुबाईच्या पायांत ओळखीची थरथर सुरू झाली. तिने कमरेची चंची चाचपली आणि डोळे मिटणार, तेवढ्यात मागून एक आवाज आला. किंचाळी नव्हती ती. छातीतला वारा कुणी दाबून बाहेर काढावा तसा.

धुरपदा उभी होती तशी आडवी पडली. अंग लाकडासारखं ताठ झालं, मग हातपाय झटके देऊ लागले. तोंडातून फेस आला, फेसात लाल रंग मिसळला.

"कानबाई उनी वं!" कमलबाई ओरडली. "धुरपदाना आंगमा कानबाई उनी!"

ढोलवाल्यांनी हात जोरात चालवले. बायकांनी तिच्याभोवती रिंगण धरलं, कुणी हळद-कुंकू उधळलं. जीवराम आबा पुढे झाला. "कोन्ही हात लावा नका. मायले बोलू द्या."

भिकुबाईच्या पायांतली थरथर जिथल्या तिथे विझली. पहिल्यांदा तिला राग आला. माझी जागा घेतली हिने! सापडली तेव्हा देवीच्या आड लपते! ती रिंगणात शिरली आणि सुनेचं सोंग पकडायला खाली वाकली.

एक गाणं संपलं. झटके थांबले. बायका म्हणाल्या, माय आता विसावली, आता बोलेल. भिकुबाईने सुनेची पापणी वर केली. बुबुळ वर गेलेलं होतं. श्वास घरघरत होता. लुगडं खालून ओलं झालं होतं, आणि पाऊस तर सकाळपासून नव्हता.

दुसरं गाणं सुरू झालं, आणि अर्ध्यावर आलं तोच ते अंग पुन्हा ताठ झालं. ओठ जांभळे पडत चालले.

भिकुबाई तशीच वाकून राहिली. तिच्या संशयाला इतकी वर्षं रोज काहीतरी खाद्य लागायचं, आणि आता त्याच्यापुढे एकच गोष्ट उरली होती. सुनेवर संशय घेण्यासारखं या चेहऱ्यात काही नव्हतं. मग संशय घ्यायचा तो ढोलावर, हळद-कुंकवावर, सगळे हात जोडून ज्याच्या पाया पडत होते त्याच्यावर.

तिसरं गाणं लागलं. धुरपदाने मध्ये डोळे उघडले नव्हते.

"ढोल बंद करा," भिकुबाई म्हणाली. कुणाला ऐकू गेलं नाही. तिने उठून ढोलावर हात आडवा ठेवला. "हाई कानबाई नही शे. हिलाल, गाडी जुप."

सगळं एकदम शांत झालं. जवळच्या गिरणा नदीच्या पाण्याचा आवाज तेवढा येत राहिला.

"भिकुबाई, तोंड सांभाळ," जीवराम आबा म्हणाला. "देवीना कामात आडवी येस? तुले काय माहीत?"

"माले नही तं कोले माहीत, आबा? इतला साल मनाच आंगमा येस ना?" तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "ती येस तवय माले पदरनं भान ऱ्हास. कोन कोठे उभं शे, कोन काय बोलनं, बठ्ठं समजस. हाई पोरले लुगडं ओलं व्हयनं ते समजत नही. हाई देवी नही, दुखनं शे."

कमलबाईचं तोंड उघडंच राहिलं. "म्हंजे इतला साल तू..."

सगळ्या बायका भिकुबाईकडे बघत होत्या, आणि ज्या नजरेने बघत होत्या ती नजर भिकुबाईला चांगली ओळखीची होती. आजवर ती तिची स्वतःची होती.

कुणीतरी कांदा फोडून आणला, कुणी वहाण नाकाशी धरली. धुरपदाचे दात खिळले होते. एक बाई मोठी किल्ली दातांत घालायला बघत होती, तिचा हात भिकुबाईने झटकला. हिलालने गाडी आणली. सुकदेव तेवढ्यात पहूरहून पोचला होता. गाडीत पडलेली मुलगी बघून तो चाकाला धरून उभा राहिला.

"गोळी घेतली नव्हती का हिनं?" तो एवढंच म्हणाला.

भिकुबाईचा हात चंचीवर गेला. ती गाडीत चढली, मागोमाग सुकदेवही.

भडगावच्या दवाखान्याची वाट चिखलाची. हिलाल बैलांना मारत नव्हता कधी. त्या दिवशी त्याने मारलं. धुरपदाच्या तोंडात फेस साठला, श्वास अडखळला. नुकत्या जन्मलेल्या वासराच्या तोंडात चिकट बळस साठलेला असतो तेव्हा त्याला कुशीवर करतात, हे आठवून भिकुबाईने तिला कुशीवर वळवलं आणि पदराने तोंड पुसत राहिली. वाटेत अंग एकदा सैल पडलं, पुन्हा ताठलं.

"रातना एकदाव असंच व्हयनं व्हतं," हिलाल पुढे बघतच म्हणाला. "तवय लगेच उतरनं. तिनी सांगं, कोन्हाले बोलू नका."

"माले काबरं नही सांगं?"

"तुले?" हिलाल म्हणाला. त्याने बैलांना पुन्हा दामटलं.

दवाखान्याचे डॉक्टर तरुण होते आणि थोडं बोलत. त्यांनी धुरपदाला टेबलावर कुशीवरच ठेवलं, दंडात सुई दिली. औषधाचा उग्र वास खोलीभर पसरला. मग त्यांनी विचारलं, "मधे शुद्धीवर आली होती?"

"नाही," हिलाल म्हणाला.

"आधी औषध काय चालू होतं?"

सुकदेव बोलणार तोच भिकुबाईने चंची सोडली. सुपारीच्या खांडांतून तिने पुरचुंडी काढून टेबलाच्या कडेला ठेवली. हाच पुरावा ती नदीवर ओतणार होती.

डॉक्टरांनी गोळी बोटांत धरून पाहिली. "या कधीपासून बंद आहेत?"

"कानबाईना आधीपाइन. मीच काढी लिध्यात." मग तिने विचारलंच, "पोर व्हवाले नको म्हनून शेतस ना त्या?"

"कुणी सांगितलं? या झटक्यांच्या गोळ्या आहेत. एकदम तोडल्या की दबलेले झटके एकावर एक येतात. एरवीचा झटका थोड्या वेळात आपोआप थांबतो. माणूस घोरतं, झोपतं, उठतं. हा तसा नव्हता. एक संपून शुद्ध यायच्या आत दुसरा. यात माणूस जातं, बाई. अजून तासभर गावात बसवून ठेवलं असतंत तर गेलीच असती."

धुरपदाचे हात हळूहळू सैल पडले. डॉक्टर नाडी धरून बसले. भिकुबाईला एक गोष्ट अजून सुटत नव्हती.

"आनि ती थांबस ते? डोळा उघडा, ओठ चावस, पदर वेचस, मंग म्हनस मी दळीच ऱ्हायनू. ते तरी सोंग शे ना?"

"तोही झटकाच. दरवेळी माणूस पडतंच असं नाही. काही वेळा माणूस उभं असतं, हात चालू असतात, आणि ते स्वतः तिथे नसतं. नंतर तिला आठवत नाही. ती खोटं बोलत नाही. सकाळी हातातलं भांडंही एकदम उडत असेल. त्याची जातही तीच."

भिकुबाईला तव्यावर टेकलेला तो हात दिसत होता. मग तिने सुकदेवकडे मान वळवली. "तुम्ही तरी फसाडंच ना आम्हले."

"फसवलं," सुकदेव म्हणाला. "सांगितलं असतं तर केली असती का?"

भिकुबाईने पान काढलं, सुपारी काढली, आणि न खाता पुन्हा ठेवून दिली.

दुपार कलली तेव्हा धुरपदाने डोळे उघडले. जीभ चावली गेली होती, शब्द जाड येत होते. समोर सासू दिसताच ती भ्यायली आणि तिने तोंड फिरवलं. भिकुबाईने ते पाहिलं.

"हिले घर लई जावानं," ती हिलालला म्हणाली. "आपला घर. पहूरले नही."

पुढच्या वर्षीच्या श्रावणात कानबाई बसली, ढोल वाजला, आणि भिकुबाई भिंतीशी बसून राहिली. कुणी तिच्या पायावर पाणी घातलं नाही. कमलबाईच्या धाकट्या सुनेच्या अंगात देवी आली. रोट खाताना जीवराम आबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "देवी नही व्हती तं मंग त्या साले बांधबी नही सरकेल व्हता का वं, भिकुबाई?"

"बांध सरकेल व्हता, आबा," ती म्हणाली. "बाभूयले खाच शे. देखाले चला."

आबा हसला, पण गेला नाही. दुसऱ्या दिवशी भिकुबाई एकटीच शेतात जाऊन ती खाच विळ्याने पुन्हा खोल करून आली.

राखेवरची रेघ ती अजून ओढते. कणगीवर पंजा उमटवते. दिवेलागणीला गोळी तिच्या चंचीतूनच निघते आणि धुरपदाने ती समोर बसूनच गिळायची असते.

"तोंड उघाड. जीभ वर कर."

"गिळली वो आत्याबाई."

"मना इस्वास नही. उघाड."

आणि धुरपदा हसून तोंड उघडते.

ते थांबणं पुरतं गेलेलं नाही. सकाळी जातं एकदम जड लागतं, खुंट्यावरचा हात सुटतो, बोटं पदर वेचू लागतात. भिकुबाई आता हाक मारत नाही, दंड हलवत नाही. जवळचा विळा बाजूला सरकवते, चूल पेटलेली असेल तर मध्ये जाऊन बसते, आणि कानबाईचं एक गाणं हळू आवाजात म्हणू लागते. हिवाळा असो, उन्हाळा असो. हे गाणं संपून दुसरं लागलं आणि डोळ्यांत ओळख आली नाही, तर हिलालला हाक मारायची, हे घरात ठरलेलं आहे. वाटेने जाणाऱ्या बायका थबकतात. अवेळी देवीचं गाणं म्हणते, म्हातारीचं डोकं फिरलं, असं म्हणून पुढे जातात.

गाणं आजवर कधी शेवटाला गेलेलं नाही. धुरपदाची बोटं थांबतात, डोळे फिरतात, भिकुबाई कडवं तिथेच सोडून खुंट्याला हात लावते. आणि धुरपदा तिच्याकडे नवलाने बघत विचारते,

"काहून थांबल्या, आत्याबाई? म्हना ना."